जांभळा की पांढरा

टक्.

आतल्या खोलीत टायमर वाजला आणि पाठोपाठ पंप गुरगुरला. पाइपांतून पाणी सुटलं.

“आलं, आलं!” मिरी टाळ्या पिटत ओरडली. साडेचार वर्षांच्या या पोरीचं खरं नाव वेगळंच होतं, पण लहान आणि तिखट म्हणून घरात सगळे तिला मिरीच म्हणत.

“हळू. रोपं दचकतील,” आई म्हणाली. पण आज तिलाही कुठे धीर होता? खताच्या पाण्याच्या दोन बाटल्या, एकीला एक रबरबँड आणि दुसरीला दोन, तिने उगीचच पुन्हा ओळीने लावल्या. पुसलेला ट्रे परत पुसला.

खोली अगदी आतली, बिनखिडकीची. आधी इथे जुन्या गाद्या आणि मोडकी सायकल असायची. आता मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर सॅलडची पानं वाढवायचा घाट घातला होता. पहिलं पीक वाया गेलं. साध्या ट्यूबलाइटखाली रोपं उजेड शोधत नुसतीच उंच झाली आणि माना टाकून पडली. कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्या बाईंनी तरीही आणखी एक संधी दिली होती. “पानं कुरकुरीत निघाली तर दर आठवड्याला घेईन. पुन्हा असल्या काड्या दिल्यात, तर मात्र आपलं जमायचं नाही.” आणि मिरीचे बाबा म्हणाले होते, या वेळीही फसलं तर खोली परत सायकलची.

नवे कोंब कालच वर आले होते. चांगला उजेड आजच हवा होता.

जिन्यात चपला फटफटल्या. “काका आला,” आई म्हणाली, आणि बेल वाजायच्या आत तिने दार उघडलं.

काकाचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. दोन खोकी काखोटीला मारून तो थेट आतल्या खोलीत शिरला आणि बादलीला अडखळला.

“वहिनी! अहो, अंधारात काय बसता मायलेकी?”

“ट्यूब सकाळीच उतरवली मी. तुमच्या दिव्यांना जागा नको? मिरीला दारातला उजेड पुरतो.”

“म्हणून तुमचं बिल एवढंसं येतं. आता बघा कसं फुगतं ते.”

“फुगू दे रोपांच्या नावावर. माझ्यासाठी थोडीच लावतेय?”

काकाने खोकी फोडली. “एक ठेवायचा, एक परत. आणि लवकर ठरवा, दुकानात गिऱ्हाईक थांबलंय. बाटल्यांना बांगड्या काय घातल्यात?”

“नटल्या आहेत. तुम्ही आधी खोक्यावर लिहिलंय ते वाचा. सगळं.”

त्याने कुरकुरत वाचलं. एक दिवा लाल-निळ्या दाण्यांचा, गोल, मागे पंखा. दुसरा पांढरा, लांब पट्टीचा, पंखा नाही.

गोल दिवा लागला आणि मिरी किंचाळलीच.

“आईऽऽ! सगळं जांभळं! माझी नखं जांभळी! काकाची मिशी जांभळी! हाच ठेवायचा, हाच!”

“आणि काकाचे दात?”

“ते पण! भुतासारखे!”

“ते आधीपासूनच तसे आहेत,” आई म्हणाली आणि खळखळून हसली.

मग ती कामाला लागली. दिव्यापासून ट्रेपर्यंत तिने वीत लावून अंतर मोजलं. पालथा हात दिव्याखाली धरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेला. मध्ये थांबली. पुन्हा नेला.

“या जांभळ्यात एक गोची आहे, वहिनी,” काका म्हणाला. “पानं काळपट दिसतात. पिवळी पडली तरी कळायची नाहीत.”

“त्याची काळजी सोडा. पण मधल्या रोपांवर दुपार तापलीय आणि कडेच्यांवर काहीच नाही. कडेची परत लांबणार. आणि पंखा आत्ताच खरखरतोय.”

“मला नाही येत ऐकू खरखर.”

“तुम्हाला बायकोही ऐकू येत नाही, असं ती म्हणते.”

काकाने हसत हात जोडले आणि लांब पट्टी टांगली.

“ह्यॅ,” मिरी म्हणाली. “हा नुसता पांढरा.”

आईचा हात पुन्हा निघाला. एक टोक, मध्य, दुसरं टोक. कडेच्या शेवटच्या कोंबापाशी पोचला आणि तिचा चेहरा असा फुलला की काकाही बघत राहिला.

“इथेही तेवढाच! अगदी तेवढाच! हा ठेवा. आता देते त्या बाईंना टोपलीभर पानं!”

मिरीचा खालचा ओठ बाहेर आला.

“काय गं? पहिलं पान कोण खाणार? कॅफेवाल्या मावशीच्याही आधी?”

“मी,” मिरी पुटपुटली. “पण जांभळा…”

“ये इकडे, रडूबाई,” काका म्हणाला. “परत न्यायच्या आधी तुझी हौस फेडतो.” त्याने दोन्ही बटणांवर बोटं ठेवली. जांभळा, पांढरा, जांभळा, पांढरा. मिरी मध्ये उभी राहून गिरक्या घेऊ लागली. फ्रॉक फडफडला, पंप गुरगुरला, आई टाळ्या वाजवत ठेका धरू लागली. एवढा आनंद त्या खोलीत सायकलीच्या काळात कधी मावला नसता.

धापा टाकत मिरी थांबली. “आई, मी जांभळ्यात छान दिसते की पांढऱ्यात?”

काकाची बोटं बटणांवरच राहिली.

आई गुडघ्यांवर बसली. ओल्या हातांच्या ओंजळीत तिने मिरीचा चेहरा धरला. बोटं कपाळावरून भुवयांवर, नाकाच्या शेंड्यावर, मघाच्या त्या रुसलेल्या ओठावर फिरली.

“दोन्हींत,” ती म्हणाली. “माझी मिरी दोन्हींत छान.”

मिरीने ते हात हळूच बाजूला केले.

“असं हातांनी नाही गं, आई. काका बघतो तसं, एकदा तरी डोळ्यांनी बघून सांग ना?”