बैलाचे पुढचे पाय

रेणापूरच्या वाटेवर 'आपलं खेडं' नावाचं पार्क होतं. शहरातली लेकुरवाळी माणसं गेटवर धोतर-पटका भाड्यानं घेऊन तिथं दिवसभर शेतकरी व्हायची. त्या साली असा दुष्काळ पडला, की पार्कातले खरे बैल चारा छावणीला गेले. मग मालक शेषेरावांनी विहीर आटलेल्या नरसिंगाला कापडी बैलाचे पुढचे पाय म्हणून कामाला लावलं. मागचे पाय त्याचा चुलतभाऊ पंढरी.

एक दिवस दुष्काळ पाहणीची गाडी फाटकाशी थांबली. साहेबांनी काच चार बोटं खाली केली आणि भाड्याच्या पटक्यातल्या एका बँक मॅनेजरला विचारलं, "काय पाटील, पाणी कसं काय?"

"मस्त! आत्ताच रेनडान्स करून आलो."

नरसिंगाला राहवलं नाही. बैलाच्या मुंडक्यातून तो ओरडला, "सायेब, आमच्या गावात महिना झाला टँकर न्हाई!"

शेषेरावांनी वेसण ओढली. "नरश्या, बैलाला वाचा फुटत नसती!"

तोवर काच वर गेली होती.



अहवालात नोंद झाली : शेतकरी समाधानी. जनावरे धष्टपुष्ट.