मेसमधला गोंगाट

सृष्टीने टॅबलेट उशीला टेकवून उभा केला, आवाज निम्म्यावर आणला आणि मगच फोन उचलला. त्याच क्षणी खोलीत सात-आठ मुली खिदळायला लागल्या.

खरं तर खोलीत ती एकटीच होती. खिदळत होता तो टॅबलेट. मेसमध्ये जेवताना शेजारच्या टेबलावरचा गोंगाट तिने गुपचूप रेकॉर्ड करून घेतला होता.

"च्या घेतलास का गं?" कवठे महांकाळहून तिच्या वडिलांनी, बिराप्पांनी विचारलं. मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडायची वेळ. त्यांच्या मागे घंटा वाजत होत्या, कोकरं ओरडत होती.

"व्हय आप्पा. पोरी आल्यात खोलीवर. लय दंगा करत्यात."

"करू दे की. तू एकटी पडू नगंस, एवढंच."

एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. साताऱ्याला हॉस्टेलवर सोडायला आले तेव्हा आप्पा म्हणाले होते, "करमलं न्हाई तर सांग. मेंढरं इकतो आन् हितंच खोली घिऊन ऱ्हातो." आणि आप्पा म्हणजे नुसतं बोलून सोडणारा माणूस नव्हे. आई गेल्यापासून कळप हीच त्यांची सोबत. ती आपल्यापायी मोडली तर स्वतःला कधी माफ करता येणार नाही, असं सृष्टीला वाटायचं.

टॅबलेट त्यांनीच दिवाळीनंतर घेऊन दिला. "दोन मेंढरं इकली. बाकी कळप हाय तसा हाय," म्हणाले. तिचा जुना फोन गाणी ऐकायला, व्हिडिओ बघायला स्वतःकडे ठेवून घेतला.

वस्तू झकास होती. पुस्तकं, सरांच्या नोट्स, पेनाने काढलेल्या आकृत्या, सगळं तिच्यात. वर्गात मान खाली घालायला सोय, मेसमध्ये एकटं जेवायलाही सोय. समोर टॅबलेट उघडा असला की माणूस कामात आहे असं दिसतं.

प्रकल्पाची फाईल पाच जणींची मिळून होती. सगळ्या आपापल्या टॅबलेटवरून त्यात लिहायच्या. उघडली की बाकी चौघींच्या नावांच्या रंगीत रेघा ओळींवर पळताना दिसत. राजेश्वरीची हिरवी. सृष्टी स्वतःचा भाग संपला तरी फाईल मिटायची नाही. हिरवी रेघ कुठे जाते ते बघत बसायची. एकदा धीर करून तिने पानाच्या तळाशी लिहिलं, 'कुणी चहाला येतंय का?'

हिरवी रेघ तिथवर आली, थांबली आणि ते वाक्य पुसून गेली.

चुकून पडलं असं वाटलं असेल बिचारीला. तरी त्या दिवशी सृष्टीला घास गेला नाही.

एका संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "ती शिकणारी न्हवं, शिंकणारी पोरगी कोण गं?"

सृष्टीने सुचलं ते नाव ठोकून दिलं. "ती व्हय? राणी."

"आठ दिस झालं, सर्दी हटंना व्हय तिची? काढा दे म्हणावं."

फोन ठेवल्या ठेवल्या तिने रेकॉर्डिंगमधून शिंक कापून टाकली. एवढं एक माणूस मिळालं होतं, तेही गेलं. तिला हसूही आलं आणि रडूही.

मार्चमध्ये सलग चार दिवस ती वॉचमनशिवाय कुणाशी बोलली नव्हती. त्यालाही काय, तर वहीत सही कुठे करू, एवढंच विचारलं होतं. पाचव्या संध्याकाळी आप्पांचा फोन आला. टॅबलेटमधल्या मुली नेहमीच्या जागी हसल्या आणि सृष्टीला ते एकदम सहन होईना.

"लय आनंदात हाय म्हणायची माझी पोरगी," आप्पा म्हणाले.

"तुमी बरं हाय न्हवं, आप्पा?"

"मला काय धाड भरलीया? एवढी मेंढरं हायत की संगं. बोलाया सवड न्हाई घावत."

आज सांगून टाकायचं, तिने ठरवलं. कळप विकू नका, पण मला इथे कुणी नाही, एवढं तुम्हाला माहीत असू दे. तिने हात लांब करून टॅबलेट बंद केला.

तिच्या बाजूला पहिल्यांदाच शांतता झाली. आता आप्पांकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. घंटा. कोकरं. कुत्र्याचं भुंकणं.

आणि त्या सगळ्यातून अगदी जवळून, हसत हसत, तिचा स्वतःचाच आवाज आला, "आप्पा, मेंढरं ओवाळताना व्हिडिओ काढतीया. दिवाळी हाय, जरा हसा की!"