पाठची बहीण

"हात वर धर! भिजू देऊ नकोस!" दादा ओरडला. पुराचं पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. पाठीवर धाकटी बहीण होती. डायलिसिसच्या सुया टोचतात तो तिचा डावा हात त्या घाण पाण्यापासून जपायचा होता.

डायलिसिस केंद्रातून कालच फोन आला होता. "पाणी चढतंय, वीज कधीही जाईल. सगळ्या पेशंटना आजच मशीनवर घेतोय. ताईंना लगेच घेऊन या." दुकानातला माल माळ्यावर चढवायचा होता, म्हणून दादा "उद्या बघू" म्हणाला. रात्रीत रस्ता बुडाला. सकाळी बहिणीचे पाय टम्म सुजले होते, बोलतानाही धाप लागत होती. मग मात्र त्याने कुणाचं ऐकलं नाही. शेजारी आडवे आले, त्यांना बाजूला सारून त्याने तिला पाठीवर घेतलं.

दोनदा पाय घसरला. वाहत आलेल्या एका पिंपाने बरगडीत असा दणका दिला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण त्याने तिला सोडलं नाही.

केंद्र वरच्या मजल्यावर होतं. जनरेटर धडधडत होता. डिझेल पुरवून वापरायचं, म्हणून प्रत्येकाला चार तासांऐवजी दोनच तास मिळत होते. सिस्टरने बहिणीला सुया लावल्या. नळीतून रक्त फिरू लागलं, तसा दादा भिंतीला टेकून मटकन खाली बसला. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला. आजूबाजूचे पेशंट कौतुकाने बघत होते. कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं.

"असा भाऊ नशिबानेच मिळतो हो," सिस्टर बहिणीला म्हणाली. "जिवावर उदार होऊन आणलं त्यांनी तुम्हाला. घरात कुणाची किडनी नाही का जुळली?"

"कुठली जुळतेय!" बहिणीच्या आधी तोच बोलला. "सगळ्यांनी तपासून घेतलं. माझीसुद्धा नाही जुळली."

सिस्टर हळहळत पुढच्या पेशंटकडे गेली. बहिणीने डोळे उघडले नाहीत.

"दादा, तुझी जुळली होती," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. जा आता घरी. वहिनी काळजीत असेल."