निळं बटण

अप्पांचे कृत्रिम डोळे सोमवारी सकाळी चहा गाळताना बंद पडले. डोळ्यांचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागे; नजरेसमोरच प्रोग्रॅम उघडून त्यातलं एक बटण दाबायचं, एवढंच. मुदत चुकली की दृष्टी कायमची जाई.

तो प्रोग्रॅम त्यांच्या मुलीनं, हेमांगीनंच लिहिला होता. डोळे तीन कंपन्यांचे, प्रोग्रॅम मात्र एक. बटणं बनवायला दोन टूलकिट, म्हणजे तयार साधनसंच, समोर होती. पहिलं त्या त्या कंपनीनं डोळ्यातच दिलेली मूळ बटणं वापरायचं, पण ती ओबडधोबड दिसत. दुसरं स्वतःच बटणं रंगवायचं, सगळीकडे सारखी आणि देखणी. ऑफिसात सगळ्यांचे डोळे नवे होते, त्यामुळे देखणं टूलकिट लगेच ठरलं. अप्पांचे डोळे जुने, म्हणून जुन्या डोळ्यांची चाचणी हेमांगीनं घरी त्यांनाच बटण दाखवून केली होती.

“तेव्हा तुम्ही छान आहे म्हणालात, अप्पा.”

“मला नुसता करडा चौकोन दिसला. तू एवढी खपली होतीस. म्हटलं, हल्ली असंच असेल. परवा नूतनीकरणाला त्याच्याच मधोमध दाबलं.”

हेमांगीनं त्यांच्या हातातली गाळणी काढून घेतली.

“बटण कुठल्या रंगाचं होतं गं?”

“निळं.”

“मग छानच असणार,” अप्पा म्हणाले.