दुसऱ्याच्या हातचं काम

मावशींनी काउंटरवर रुमालाची पुरचुंडी सोडली. आत एक प्रोसेसर आणि मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या.

"मदरबोर्ड जळलाय," त्या म्हणाल्या. "हे दोन्ही ठेवून फक्त बोर्ड नवा हवा. मशीन आजच सुरू व्हायला हवं."

"अख्खी पेटीच का नाही आणली?"

"जड आहे हो, माझ्याच्यानं उचलवत नाही. आणि मशीन माझं नाही, मैत्रिणीचं आहे. ती भरतकामाच्या नक्ष्या काढते. पहिल्यांदाच एका कारखान्याचं काम मिळालंय. सोमवारी नक्ष्या पोचल्या नाहीत, तर काम दुसऱ्याला जाणार."

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या या दुकानदाराला सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची. गिऱ्हाईक अडलंय म्हटलं की डॉक्टरांच्या अंगात दहा हत्तींचं बळ यायचं. जेवणाचा डबा तसाच राहायचा. घरी काही मोडलं तर मात्र त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, रविवारी बघू. आणि रविवारी ते दुकानात असत. घराची बेल कधीची बंद होती, ते पाहुण्यांनाही पाठ झालं होतं.

त्यांनी प्रोसेसर कडांना धरून उजेडात नेला आणि थबकले. पाठीवर उष्णता ओढून घेणाऱ्या जुन्या पेस्टचा थर वाळला होता, पण कसा! कोपऱ्यापर्यंत सारखा, आणि कडेबाहेर थेंबभरही नाही. मेमरीच्या पट्ट्याही एकाच जातीच्या, जोडीनं निवडलेल्या.

"हे कुणी बसवलं होतं?"

"का? चुकलंय का काही?"

"चुकलंय? अहो, याला म्हणतात हात!"

डॉक्टर सहसा दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हणत नसत. पलीकडच्या गल्लीतल्या दाढीवाल्या कारागिराशी तर त्यांचं विळ्याभोपळ्याचं नातं. पण असा हात त्याच्याशिवाय आणखी कुणाचा असणार? जीव जरा जळला, तरी खोटं बोलवेना.

"मेल्याचं काम सुंदर आहे," ते म्हणाले. "नुसतं पैशासाठी कुणी असं करत नाही. ज्याच्यासाठी केलं, त्याच्यावर माया असावी लागते."

मावशी चष्मा काढून पुसत बसल्या.

डॉक्टरांनी फळीवरून एक चकचकीत बोर्ड काढला. प्रोसेसर त्यात अलगद बसला. मेमरीची पट्टी धरली, तर तिची खाच भलतीकडेच येत होती.

"हा नव्या पिढीच्या मेमरीचा," त्यांनी बोर्ड बाजूला सारला. "प्रोसेसर बिचारा दोन्ही पिढ्यांशी जमवून घेतो. बोर्डाचं तसं नसतं, तो एकीशीच संसार करणार."

दुसऱ्यात सगळं बसलं, पण तो ऐसपैस होता. मावशींनी मैत्रिणीला फोन लावला. पलीकडून मोजून निरोप आला, पेटीतली जागा वीतभर लांब आणि तेवढीच रुंद. डॉक्टर पुन्हा फळीकडे वळले.

"इतकं मोजून सांगतात बाई, मग त्यांच्या घरात हे बघणारं कुणी नाही का? नवरा?"

"आहे की. कधीपासून सांगतेय ती त्याला. वेळ नाही म्हणतो."

डॉक्टरांचा हात फळीवरच थांबला. "वेळ नाही? बायकोचं पहिलं काम हातचं जातंय आणि याला वेळ नाही? काय माणूस आहे की दगड! मावशी, त्याला या प्रोसेसरची किंमत नाही आणि बायकोचीही नाही."

"सांगू तिला?"

"बेलाशक सांगा. माझं नाव घेऊन सांगा!"

या रागाच्या भरात त्यांना तिसरा बोर्ड सापडला. खाच जुळली, माप जुळलं, छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले. बटण दाबलं, पंखा फिरला, पण पडदा काळाच.

मावशींचा चेहरा उतरला.

"घाबरू नका. बोर्डाच्या पोटातला प्रोग्रॅम जुना आहे, त्याला हा नंतरचा प्रोसेसर ओळखू येत नाही." त्यांनी खणातून याच कामासाठी जपलेला जुना प्रोसेसर काढला, तो बसवून बोर्ड जागा केला, प्रोग्रॅम नवा केला, मग मावशींचा प्रोसेसर परत बसवला. पडदा उजळला तशी मावशींनी टाळीच वाजवली.

"पण पेटीत कोण बसवणार हे?"

"त्या बाईच बसवतील. इतकं नीट मोजणाऱ्या बाईला काय अवघड आहे?" डॉक्टरांनी कागदाचे बारके तुकडे कापले आणि ठसठशीत अक्षरात लिहून बोर्डावर चिकटवले. लाल वायर इथे. पंख्याची वायर इथे. हा स्क्रू आधी. तोवर दुपार टळून गेली, डबा तसाच राहिला. पण मावशी बोर्ड उराशी धरून निघाल्या, तेव्हा डॉक्टरांना फार बरं वाटलं. एका बाईचं काम वाचलं होतं.

संध्याकाळी खुशीतच ते घरी आले. बेल बंदच होती, म्हणून दार ढकलून आत गेले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. आतल्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

बायको टेबलापाशी बसली होती. पडद्यावर निळ्या वेलीची नक्षी अर्धी भरली होती. शेजारच्या पेटीचं झाकण अजून उघडंच होतं, आणि आत कागदाच्या तुकड्यावर त्यांचंच ठसठशीत अक्षर होतं. लाल वायर इथे.

डॉक्टर दारातच उभे राहिले.

"आलात?" तिनं मागे वळून पाहिलं नाही. वेलीला एक पान काढलं. "मैत्रिणीनं बोर्ड आणून दिला. कारागीर देवमाणूस आहे म्हणे. हे मशीन पहिल्यांदा याच टेबलावर माझ्यासाठी ज्यानं जोडलं, त्याचं तर त्यानं तोंडभरून कौतुक केलं." तिनं आणखी एक पान काढलं. "फक्त माझ्या नवऱ्याबद्दल त्याचं मत फार वाईट आहे."