ड्रायरच्या आडोशाला

"बाबा, मी कॅम्पला गेले तर तुम्ही खरंच माझी उशी कवटाळून रडणार आहात का?"

बिल्डिंगमधल्या मैत्रिणींनी यावर पैज लावली होती, म्हणून लेकीने जेवता जेवता विचारूनच टाकलं. बाबांना जोरदार ठसका लागला. आई म्हणाली, "अगं, हे तुला कोणी सांगितलं?"

जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रायर सुरू झाला की भिंती थरथरायच्या. त्यामुळे लेकीच्या कानावर जाऊ नये असं जे काही असेल, ते आई-बाबा त्याच्या शेजारी उभं राहून, घसा ताणून बोलायचे. तिला कॅम्पला पाठवायचं की नाही, ही खलबतंही आठवडाभर तिथेच चालली होती. फक्त आता मशीन नवं होतं, मांजरीच्या पावलांनी फिरणारं. घसा ताणायची सवय मात्र जुनीच!

"सांगायला कशाला हवं? वरच्या काकू तर जिन्यात थांबवून विचारतात, 'बाबा तयार झाले का गं?'"

बाबांनी मान ताटात घातली.

"तर माझं ठरलंय. मी कॅम्पला जाणार. आणि जायच्या आधी बाल्कनीत टाकलेलं जुनं मशीन परत आत आणून ठेवणार. बाबांना मोकळ्या गळ्याने रडता यायला हवं ना!"