मायाक्काचा नवस

मिशनच्या फाटकाबाहेर मायाक्का कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. तिला पाहताच सुंदरम्मानं चहाचा कप तसाच कट्ट्यावर ठेवला आणि आतल्या बाजूला तोंड करून लेआला हाक मारली. लवकर ये, पोरगा वाचला.

सुंदरम्मा सोलापूरचीच, विणकराच्या घरातली, चर्चमधली जुनी बाई. प्रार्थनेसाठी परदेशातून तरुण पोरापोरींचा गट आला की दुभाषी म्हणून तीच त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडायची. इथल्या चालीरीती तिला पाठ होत्या. पोर बरं झाल्याशिवाय धनगराच्या घरातून नवसाचं कोकरू निघत नाही. आपली माणसं देवाला मानतात, पण काम झाल्याशिवाय त्याला काही देत नाहीत.

लेआ अनवाणीच धावत आली. एकोणीस वर्षांची, अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावातली, सोलापूरच्या उन्हानं नाक सोललेली. त्या आठवड्यात तिनं कितीतरी जणांच्या डोक्यावर हात ठेवला होता, पण मनातून जात नव्हता तो सांगोल्याकडच्या माळावरचा मायाक्काचा मल्हार. चार वर्षांचं पोर तापानं फणफणलेलं, हातपाय झाडत होतं. लेआनं डोळे मिटून प्रार्थना केली, तसं ते हळूहळू शांत झालं आणि झोपलं. तेव्हा ती आनंदानं रडली होती. आताही रडली. गटाचे पास्टर फोन काढून चित्रण करू लागले. मायदेशी निघायच्या दिवशी प्रार्थना फळल्याची अशी साक्ष मिळाली म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता. त्यात खोटं काही नव्हतं, बिचाऱ्यांना खरंच आनंद झाला होता.

"मल्हारला का नाही आणलंस गं?" सुंदरम्मानं विचारलं.

"मल्हार गेला की, आक्का. त्याच राती."

सुंदरम्मानं ते लेआला लगेच सांगितलं नाही. लेआ हसत हसत कोकराची पाठ कुरवाळत होती.

"मग हे कोकरू कशाला आणलंस?"

लहान मुलाला समजावावं तसं मायाक्का सांगू लागली. ह्या बाई प्रार्थना करत होत्या, तेव्हा तिनंही मनात मागणं मागितलं होतं. पोर बरं कर, असं म्हणायचं तिला सुचलंच नाही. पोराचे हातपाय वाकडे होत होते, ते तिला बघवत नव्हतं. एवढी तडफड थांबव, कोकरू देईन, इतकंच ती म्हणाली. आणि तडफड थांबली. तिचा नवरा धुळा दवाखान्यात न्यायला जीप घेऊन आला होता. पण झोपू दे, देव काम करतोय, असं बाई म्हणाल्या, म्हणून त्यानं जीप परत पाठवली. मागितलं ते देवानं दिलं. मग त्याचं त्याला द्यायला नको का?

तिच्या बोलण्यात दोष नव्हता. असता तर बरं झालं असतं.

झोपू दे हे शब्द मराठीत सुंदरम्माच्याच तोंडून गेले होते. तिनं आता सगळं लेआला सांगितलं, काही न गाळता, मान खाली घालून. पास्टरांचा फोन खाली आला. ते हळू आवाजात सुंदरम्माला म्हणाले की आपला देव बळी घेत नाही, हिला प्रेमानं समजाव, कोकरू परत घेऊन जा म्हणावं.

सुंदरम्मानं ते मराठीत सांगितलं, तशी मायाक्का पहिल्यांदा घाबरली.

"आसं करू नगा. घरात धाकटी हाय माजी. देवाचं घरात ठिवलं तर त्यो तिला सोडतोय व्हय?"

तिनं कोकरू खाली उभं केलं, पिशवीतून पाण्यानं भरलेला तांब्या काढला आणि त्याच्या पाठीवर पाणी ओतलं. पाणी पडल्यावर जनावरानं अंग झाडलं की देवाला पोचलं, असं मानतात. सगळे बघत राहिले. कोकरू ओलंचिंब होऊन गुमान उभं होतं. एवढ्या उन्हात त्याला ते पाणी बरंच वाटलं असणार. मायाक्कानं उरलेलं पाणीही ओतलं. ते हललं नाही.

"बाई, तुमी सांगा की देवाला," ती लेआला म्हणाली. "त्या दिवशी सांगितलं हुतं तसं."

सुंदरम्मानं ते इंग्रजीत सांगितलं. लेआ मातीतच बसली. पास्टरांनी तिला नावानं हाक मारली, पण तिनं वळून पाहिलं नाही. तिनं कोकराच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला.

"डोळं मिटा की," मायाक्का म्हणाली.

लेआला डोळे मिटता येईनात. ती मायाक्काच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा हात थरथरला, कोकराची मान थरथरली, पाठ थरथरली. आधी काय हललं, कोकरू की हात, ते सुंदरम्माला सांगता आलं नसतं.

"घेतलं," मायाक्का म्हणाली.

तिच्या जिवावरचं ओझं उतरलं. रिकामा तांब्या पिशवीत टाकून, नवस फेडल्यावर निघतात तशी ती मागं न बघता एसटी स्टँडकडे चालू लागली. कोकरू ओरडत तिच्या मागे धावायला बघत होतं. लेआनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.